जयमालाताईंच्या सासूबाई आणि पाच दृष्टिकोन

जयमालाताई पहिल्यांदा माझ्या वर्गात शिरल्या तेव्हा मला वाटलं, त्या मुलीला सोडायला आल्या असतील. डोक्यावरचा पदर नीट करत त्या थेट पहिल्या बाकावर बसल्या, पिशवीतून एका पतपेढीची जुनी डायरी काढली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं की विद्यार्थिनी याच आहेत.

चिंचवडमधल्या एका कॉलेजात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. तिथे दर रविवारी सकाळी मी बी.ए.च्या मानसशास्त्राचे तास घेते. वर्गात चाकणच्या कंपन्यांतून नाइट शिफ्ट करून थेट आलेली मुलं असतात, दोन-तीन नर्स असतात, एखादा पोलीस असतो. शेहेचाळीस वर्षांची, रहाटणीच्या जुन्या शेतकरी घरातली सून मात्र माझ्या पंधरा वर्षांत ही पहिलीच.

मानसशास्त्रच का घेतलं, असं मी त्यांना विचारलं होतं.

"फॉर्म भरताना तिथल्या क्लार्कनं विषय वाचून दाखवले," त्या म्हणाल्या. "इतिहास, अर्थशास्त्र, मराठी. मी म्हटलं, माणसं अशी का वागतात ते कशात असतं? तो म्हणाला, मानसशास्त्र. म्हटलं, तेच लिहा. आमच्या घरात माणसांशिवाय दुसरं काय आहे?"

त्यांचं माहेर खेड तालुक्यातलं. बारावी झाल्यावर लगेच लग्न झालं, आणि रहाटणीत आल्यापासून पंचवीस वर्षं त्यांनी म्हशी सांभाळल्या. आठ म्हशी, पहाटेच्या धारा, घरोघरचा रतीब. मग घराची आणि गोठ्याची जागा बिल्डरकडे गेली आणि तिथे चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली. त्यात या कुटुंबाला अकराव्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. अकराव्या मजल्यावर म्हशी नेता येत नाहीत. त्या विकल्या, आणि जयमालाताईंना आयुष्यात पहिल्यांदा सकाळी रिकामा वेळ मिळाला. तो त्यांनी फार दिवस रिकामा ठेवला नाही.

दुसऱ्या वर्षी मी वर्गात मानसशास्त्राचे मुख्य दृष्टिकोन शिकवले. फळ्यावर पाच रकाने आखले. मनोविश्लेषणवाले माणसाच्या बालपणात आणि दडपलेल्या इच्छांमध्ये उत्तर शोधतात. वर्तनवादी म्हणतात, आतलं काही दिसत नाही. बाहेर काय घडलं, त्यातून माणूस काय शिकला तेवढं बघा. बोधात्मक दृष्टिकोनाला माणसाच्या डोक्यात कोणता विचार चालू आहे ते हवं असतं. मानवतावादी सांगतात, माणसाला त्याच्या नजरेतून समजून घ्या. आणि जैविक दृष्टिकोन मेंदू, संप्रेरकं, शरीर यांच्याकडे बोट दाखवतो. मागच्या बाकावर ओंकार नावाचा एक मुलगा शिफ्टच्या शिणानं झोपला होता, त्याचंच उदाहरण घेऊन मी पाचही रकाने भरले. सगळे हसले.

जयमालाताई हसल्या नाहीत. "मॅडम, एकाच माणसाबद्दल पाच जण पाच गोष्टी सांगतायत. यातला खरा कोण?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. प्रत्येकाचं आपापलं योगदान आहे, प्रत्येकाच्या मर्यादा आहेत, आज सगळ्यांचा मेळ घालून विचार करतात.

"म्हणजे लग्नात सगळ्या पाहुण्यांचा मान राखतात तसं केलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "कुणी रुसायला नको."

वर्ग पुन्हा हसला. मला मात्र ते घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

त्या वर्षी सगळ्यांना एक प्रकल्प करायचा होता. एका व्यक्तीच्या एका वर्तनाचं निरीक्षण करायचं आणि वेगवेगळ्या दृष्टिकोनांतून त्याचं स्पष्टीकरण देऊन त्यांची तुलना करायची. जयमालाताईंनी आपल्या सासूबाई निवडल्या.

सासूबाईंचं नाव मंजुळाबाई. वय शहात्तर. काटक बाई. सासरे गेल्यावर शेत, गोठा आणि तीन मुलं त्यांनीच ओढली. पण सात महिने झाले, त्या अकराव्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. आधी रोज सकाळी म्हसोबाला जायच्या, तिथल्या ओट्यावर बरोबरीच्या दोघींशी बोलत बसायच्या. ते थांबलं. नात्यातलं एक लग्न झालं, त्यालाही गेल्या नाहीत. घरच्यांना कारण माहीत होतं. फेब्रुवारीत एकदा वीज गेली आणि मंजुळाबाई मुलाबरोबर, जयमालाताईंचे मिस्टर रोहिदास यांच्याबरोबर, दहा मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या. त्यानंतर आठ-दहा दिवसांतच त्यांनी खाली जाणं सोडलं. लिफ्टची भीती बसली, असं सगळे म्हणत आणि त्याही नाही म्हणत नसत.

"एकदम सोपं आहे मॅडम," जयमालाताईंनी मला फोनवर सांगितलं. "तुमची ती कुत्र्याची नि घंटेची गोष्ट. लिफ्ट आणि अंधार एकत्र आला, आता नुसती लिफ्ट दिसली तरी छातीत धडधड. थोडं थोडं करून सवय लावायची, आणि प्रत्येक पायरीला बक्षीस."

बक्षीस म्हणून शेंगदाण्याचे लाडू ठरले. पहिल्या दिवशी मंजुळाबाईंनी दारापर्यंत यायचं, लाडू. दुसऱ्या दिवशी लिफ्टसमोर उभं राहायचं, लाडू. चौथ्या दिवशी लिफ्टचा दरवाजा उघडा धरून जयमालाताई आत उभ्या राहिल्या आणि लाडू पुढे केला. मंजुळाबाईंनी बाहेरूनच हात लांब करून तो घेतला, तोंडात टाकला आणि घराकडे वळल्या. "मी काय सर्कशीतला पोपट हाय व्हय गं?"

आठवडाभर लाडू संपत राहिले, पुढची पायरी एकही चढली नाही.

मग जयमालाताईंनी बालपण धरलं. दुपारी सासूबाईंजवळ बसायचं आणि डायरी उघडायची. आत्याबाई, लहानपणी कुठं कोंडून ठेवलं होतं का? अंधारात पडला होता का? मंजुळाबाई आधी वैतागल्या, मग त्यांना गंमत वाटू लागली. माहेरच्या विहिरीची एक गोष्ट त्यांनी सांगितली. पोहरा तुटून विहिरीत पडला की मोठी माणसं त्यांना टोपल्यात बसवून दोरानं खाली सोडत, कारण भावंडांत वजनानं त्या सगळ्यात हलक्या. खोल विहीर, खाली काळं पाणी, भिंतीत पारव्यांची घरटी.

"घाबरायच्या नाहीत तुम्ही?" जयमालाताईंनी पेन सरसावून विचारलं.

"छ्या! लई मजा यायची. वर वढलं की मी म्हनायची, अजून एकदा सोडा."

जयमालाताईंनी हे मला रविवारी सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. "मॅडम, दोराला लटकून विहिरीत उतरणारी बाई लिफ्टला भिते? दहा मिनिटांच्या अंधाराला? मला काही पटेना."

मी म्हटलं, वयाप्रमाणे भीती बदलते, आधी डॉक्टरांना दाखवा. म्हणजे मीसुद्धा मंजुळाबाईंना एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवलं.

सासूबाई खाली येत नव्हत्या म्हणून ओळखीचे एक डॉक्टर वर आले. रक्तदाब ठीक, कान ठीक, गुडघे वयाचे. जाताना त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. यांना बरंच पुसट दिसत असणार. सांगितलं नाही का कधी?" मंजुळाबाई म्हणाल्या, "इचारलं कुनी?" ऑपरेशन करायचं तर खाली उतरायला हवं, आणि त्या तर उतरायला तयार नव्हत्या.

पुढचं जे घडलं ते एका बुधवारी दुपारी. रोहिदास चाकणच्या एका कंपनीत सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये आहेत. येताना तिथल्या बाजारातून कांद्याची गोणी आणली होती. सासू-सुना गॅलरीत बसून कांदे निवडत होत्या. बाजूला डायरी पडली होती.

"माज्यावर काय काय लिवलंस, वाच की," मंजुळाबाई म्हणाल्या.

जयमालाताईंनी हात पुसून वाचायला सुरुवात केली. नाव गुप्त ठेवायचं असतं म्हणून लिहिलं होतं, "श्रीमती मं., वय ७६. यांना लिफ्टची तीव्र भीती वाटते. भीतीमुळे त्यांनी घराबाहेर जाणे..."

"थांब." मंजुळाबाईंच्या हातातला कांदा तसाच राहिला. "भीती? भीती कोन म्हनलं?"

"सगळेच म्हणतात, आत्याबाई. तुम्ही पण..."

"मी कधी म्हनले? तुमी समदे म्हनलात. मी गप ऱ्हायले. म्हनलं बरं झालं, इचारायचं तरी थांबले. पर आता तू ते कागदावर लिवतीस. कालिजात वाचनार. मंजुळा भित्री हाय म्हनून!" त्यांचा आवाज चढला होता. "खोड ते."

जयमालाताईंनी डायरी मिटली. "मग काय लिहू?"

सासूबाईंनी हातातला कांदा बाजूला ठेवला. मग मंजुळाबाईंनी सांगितलं.

लिफ्ट बंद पडल्यानंतर आठवड्याभराची गोष्ट. त्या म्हसोबाहून एकट्याच परत आल्या. लिफ्टमधले आकडे त्यांना वाचता येत नसत. आपलं बटण कुठल्या ओळीत आहे ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. पण डोळ्यांना पुसट दिसायला लागलं होतं. बोट चुकलं आणि त्या नवव्या मजल्यावर उतरल्या. तोच रंग, तशीच दारं. त्यांनी आपलं समजून बेल वाजवली. एका तरुण बाईनं दार उघडलं. कानाला फोन होता. मंजुळाबाई गोंधळून काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आमच्याकडे बाई आहे, नवीन ठेवायची नाहीये. आणि कामवाल्यांची लिफ्ट पलीकडे आहे, हिच्यातून येऊ नका." दार बंद झालं.

मंजुळाबाई जिन्यात बसून राहिल्या. मग गुडघ्यांवर हात ठेवत दोन मजले चढून घरी आल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

"कामवाली म्हनली त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "जन्मभर कामच केलं. पर माज्या तोंडाकडं न बघता बोलली गं. ह्याच जागेवर, जयमाले, मी घेवडा लावलाय, ज्वारी कापलीय. खाली गोठ्यात तुज्या नवऱ्याला झोळीत टाकून धारा काढल्यात. अन् मला म्हनती, पलीकडून ये. म्हनलं, मग नगंच तुमची लिफ्ट."

जयमालाताई मला हे सांगताना दोनदा थांबल्या होत्या. "मी लाडू दाखवत होते, मॅडम. त्यांना वाटलं असेल, ही पण आपल्याला काय समजते."

संध्याकाळी रोहिदास घरी आले आणि सगळं ऐकून चपला घालून नवव्या मजल्याकडे निघाले. मंजुळाबाईंनी दारातच अडवलं. "तू भांडायला गेलास तर समद्या बिल्डिंगीला कळंल. माजं मी बघीन."

मी पुढच्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेले. खरं तर मला मंजुळाबाईंना भेटायचं होतं. त्यांनी मला डोळे बारीक करून नीट न्याहाळलं. "तुमीच का त्या बाई, मानसाचं पाच वाटं करून शिकवनाऱ्या?"

"हो," मी म्हटलं. "चुकलं का?"

"मला काय ठावं? पर वाटं करायच्या आधी मानसाला इचारावं."

चहा झाल्यावर त्यांनी सुनेला बजावलं की प्रकल्पात नुसतं मं. लिहायचं नाही, पुरतं नाव लिहायचं. नियमानं नाव गुप्त ठेवावं लागतं. मी तो नियम पंधरा वर्षं शिकवत आले होते. तो नियम ज्याचं नाव त्याच्या रक्षणासाठी असतो, आणि इथे नाववालीच सांगत होती. मी म्हटलं, लिहा.

त्यानंतर जे काही केलं ते दोघींनी मिळून ठरवलं. जयमालाताईंनी लिफ्टमधल्या अकरा नंबरच्या बटणावर एक मोठी लाल टिकली चिकटवली, पुसट डोळ्यांनाही दिसेल अशी. सोसायटीच्या सेक्रेटरीनं ती दोनदा काढली. तिसऱ्यांदा रोहिदास त्यांच्याशी जाऊन बोलले, तेव्हापासून राहिली. मग थोडं थोडं सुरू झालं. आज एक मजला, उद्या तीन. आणि तेव्हा एक गोष्ट दिसली: पहिल्यांदा दरवाजा बंद झाला तशी मंजुळाबाईंनी सुनेचं मनगट गच्च धरलं. तळहात घामानं ओला होता. सात महिने खाली न गेल्यानं म्हणा किंवा त्या दहा मिनिटांच्या अंधारामुळे म्हणा, भीतीही कुठेतरी मुरली होतीच.

"वाटतं का काही?" जयमालाताईंनी विचारलं.

"वाईच. पर हे नगं लिवूस." मग स्वतःच म्हणाल्या, "बरं, लिव. खरं हाय ते."

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी खाली जाताना मंजुळाबाई अचानक म्हणाल्या, "नवव्याला थांबव." जयमालाताईंनी नऊचं बटण दाबलं. मंजुळाबाईंनी पदर सारखा केला, त्याच दाराची बेल वाजवली. मिनल नावाच्या, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीनं दार उघडलं. गळ्यात हेडफोन, केस वर बांधलेले.

"मी मंजुळाबाई," सासूबाई म्हणाल्या. "वर अकराव्याला ऱ्हाती. मागं एकदा चुकून तुज्या दारात आले व्हते. तू मला पलीकडची लिफ्ट दावलीस."

मिनल बघत राहिली. आठवायचा प्रयत्न करत होती हे दिसत होतं, आणि आठवत नव्हतं हेही. "आजी, मी असं म्हणाले? मला खरंच आठवत नाहीये." मग तिचा चेहरा हळूहळू उतरला. "पण म्हणाले असेन. मी... सगळ्यांना तसंच म्हणते. सॉरी. आत या ना."

मंजुळाबाई आत गेल्या नाहीत. "आज नगं. डोळं करून आले की यीन. मग तुला नीट बघीन." त्या लिफ्टमध्ये शिरल्या. पाचव्या मजल्यापर्यंत आल्यावर त्यांना हसू फुटलं. ते थांबेचना. "अगं, सात म्हयनं मी तिला मनात शिव्या देतीया, अन् तिच्या गावीच न्हाई! वाया गेल्या की समद्या!" जयमालाताई हसू की रडू अशा अवस्थेत खाली उतरल्या.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. मंजुळाबाई आता म्हसोबाला जातात. एकट्या लिफ्टमध्ये बसायला अजून दोन महिने लागले. वीज लुकलुकली की आजही त्या भिंतीला हात लावतात. मिनलकडे त्या गेल्या, दोनदा. दुसऱ्यांदा जाताना घेवड्याची भाजी घेऊन गेल्या आणि ती कशी निवडायची तेही दाखवून आल्या. तिनं आपल्या कामवाल्या मावशींना आता याच लिफ्टनं यायला सांगितलंय. त्यावरून सोसायटीत दोन बैठका झाल्या, तिसरी व्हायची आहे.

जयमालाताईंचा प्रकल्प छत्तीस पानी झाला. रकाने त्यांनी आखलेच नाहीत. लाडवांचं अपयश लिहिलं, टोपलं आणि विहीर लिहिली, मोतीबिंदू लिहिला, नववा मजला लिहिला. वर्तनवाद्यांनी भीती कशी टिकते ते बरोबर सांगितलं, पण ती मुळात कशाची होती ते सांगायला त्यांच्याकडे जागा नव्हती. डॉक्टरांनी बोट का चुकलं ते सांगितलं, पण दार बंद झाल्यावर जिन्यात बसलेल्या बाईचं काय झालं ते त्यांच्या बॅटरीत दिसलं नाही, असं त्यांनी साध्या शब्दांत मांडलं होतं. बालपणाबद्दल एकच वाक्य होतं: "तिथे कारण सापडले नाही, पण माझी सासू कोण आहे ते मला तिथे कळले." शेवटी मानवतावादी दृष्टिकोनाबद्दल त्या म्हणतात की तो पुस्तकात सर्वांत गोड आणि सर्वांत मोघम वाटला होता, प्रत्यक्षात सर्वांत अवघड तोच निघाला, कारण त्यात डायरी मिटावी लागते.

बाहेरच्या परीक्षकांनी त्यांना शंभरपैकी चोपन्न गुण दिले आणि शेरा मारला, "तुलना तक्त्याच्या स्वरूपात नाही." मला राग आला. मी पत्र लिहायला बसले होते. जयमालाताई म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. पास झाले ना. आत्याबाईंनी ऐकलाय तो सगळा, तीन दुपारी. फक्त दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली."

त्या तीन दुपारींबद्दल मी विचार करत राहिले. माझे मिस्टर, अनंत, निवृत्त झाल्यापासून फार बोलत नाहीत. मी त्या न बोलण्याला एक नावही देऊन टाकलं होतं, पाठ्यपुस्तकातलं. त्या रात्री जेवताना मी ते नाव बाजूला ठेवून त्यांना विचारलं, की दिवसभर कसं जातं. ते आधी दचकले. मग म्हणाले की कानांत शिट्टीसारखा आवाज येतो वर्षभर, आणि मला सांगायचं राहून गेलंय.

यंदा जयमालाताई एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. रोहिदासांच्या कंपनीत यशवंतराव नावाचे एक सहकारी आहेत, मुलगी सासरी गेल्यापासून कामावर येऊन कोपऱ्यात बसून राहतात. रोहिदास त्यांना परस्पर कंपनीच्या बसमधून घरी घेऊन आले. "आमची ही मानसशास्त्र शिकते, तिच्याशी बोला," असं म्हणून स्वतः काहीतरी आणायला खाली दुकानात निघून गेले.

"मग काय विचारलंत तुम्ही?" मी म्हटलं.

"काही नाही. चहा दिला नि बसले. आत्याबाई पण बसल्या. वीस मिनिटं कुणीच बोललं नाही, मॅडम, मला वाटलं आता उठून जातात. मग आपणहून बोलायला लागले ते दिवे लावायच्या वेळेपर्यंत."

"आणि तुम्हाला काय वाटलं? कशामुळे असेल?"

"अजून काही ठरवलेलं नाही," जयमालाताई म्हणाल्या. "गुरुवारी परत येतो म्हणालेत."